शनिवारची रेकॉर्ड-बैठक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या आमच्या माडीवर पंधरा-वीस माणसं जमतात. आपापल्या घरातल्या रेकॉर्ड्स आणतात आणि सगळे मिळून त्या ऐकतात. अकरा वर्षं हे चाललं आहे. नव्यानं येणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, आणि फोनवर घाईत दिलेलं उत्तर मला स्वतःलाच अपुरं वाटत राहतं. म्हणून इथे सवडीनं लिहून काढते आहे. (आमच्याकडे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डला ‘तबकडी’ आणि ३३⅓ फेऱ्यांच्या एल.पी.ला, म्हणजे लाँग-प्लेला, ‘रेकॉर्ड’ म्हणायची सवय आहे. खालीही तसंच लिहिलं आहे.)

बैठकीत नेमकं काय होतं?

ज्याची पाळी असेल त्यानं रेकॉर्ड आणायची, हीच का आणली ते चार वाक्यांत सांगायचं, आणि मग तिची एक बाजू सगळ्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची. एका संध्याकाळी एल.पी.च्या चार-पाच बाजू आणि सहा-सात तबकड्या होतात. मध्ये एकदा चहा.

‘हीच का’ हा भाग टाळू नका. गाण्यातलं काही कळत असण्याची त्याला गरज नाही. एका आजींनी हिराबाई बडोदेकरांची ‘उपवनी गात कोकिळा’ आणली होती. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरच्या सामानात ही तबकडी तेवढी त्यांनी स्वतः पसंत केलेली होती, बाकी सगळं मोठ्यांनी ठरवलेलं. एवढंच सांगून त्या खाली बसल्या. ती तबकडी मी त्याआधी कितीदा तरी ऐकली होती, पण त्या दिवशी ती मला नव्यानं ऐकू आली.

माझ्याकडे एकही रेकॉर्ड नाही. आलो तर चालेल का?

जरूर या. पहिले दोन-तीन शनिवार रिकाम्या हातानंच यावं, असं मी तर म्हणेन. पैसे नाहीत, सभासदत्व नाही. फक्त आदल्या दिवशी कळवा, कारण माडीवर पंचविसाच्या वर माणसं मावत नाहीत.

प्रत्येक वेळी सुरुवातीची वेळ वेगळी का कळवता?

कारण आम्ही घड्याळाऐवजी सूर्यास्त धरतो. पुण्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनच्या अखेरीस सव्वासात होतात. सूर्यास्ताच्या पंधरा मिनिटं आधी पहिली सुई टेकते.

रागांच्या वेळा पाळायच्या की नाही, यावर वाद घालणारे लोक आमच्यातही आहेत. माझं मत एका रेकॉर्डमुळे पक्कं झालं. उस्ताद अमीर खाँसाहेबांची १९६० सालची एल.पी. घ्या. एका बाजूला मारवा आहे, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा सूर्य मावळतानाचा राग. त्यात पंचम (प) नाही, रिषभ (रे) कोमल, आणि षड्ज (सा) तर इतका टाळून टाळून घेतात की घरी परतायची वेळ झाली तरी दार सापडू नये, तसं वाटत राहतं. खाँसाहेब झुमरा तालाच्या विलंबित लयीत एकेक स्वर असा काही सोडतात की पश्चिमेच्या खिडकीतला उजेड त्यांच्याच तालावर कमी होतोय असं वाटावं. दरबारी मात्र रात्र बरीच चढल्यावरचा. आंदोलित कोमल गंधार आणि खर्जातली ती गंभीर चाल उजेडात ऐकवत नाही.

वडील ही रेकॉर्ड लावायचे तेव्हा पहिली बाजू संपली की ती कव्हरात घालून बाजूला ठेवायचे आणि जेवणं आटोपल्यावर दुसरी लावायचे. लहानपणी मला वाटायचं, की सगळ्याच रेकॉर्ड्स अशा ऐकतात. आजही मारव्यानं बैठक सुरू झाली तर ती रेकॉर्ड प्लेअरशेजारी उभी करून ठेवतो. मधल्या काळात पूरिया धनाश्री, यमन, हमीर, केदार, बिहाग असं जे काही लोकांनी आणलं असेल ते वेळेच्या क्रमानं लावतो, आणि अगदी शेवटाकडे तिची दुसरी बाजू.

तुम्ही सकाळचा राग आणलात तर परत पाठवणार नाही. वर्षातून दोनदा पहाटेची बैठक असते, तेव्हासाठी वहीत नोंद करून ठेवू.

कोणती रेकॉर्ड आणू ते सुचत नाही. काही नावं सुचवाल?

जी तुम्ही घरी सर्वांत जास्त वेळा लावली असेल ती. झिजलेली असली तरी चालेल. दुर्मीळ म्हणून आणलेल्या रेकॉर्ड्सचा मला फारसा उत्साह नाही.

तरी अगदी नवख्यांसाठी सांगते. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ ची रेकॉर्ड बहुतेक घरांत निघतेच. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस तिच्यात आहे, त्यामुळे ‘रागाची वेळ’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. किशोरीताई आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एल.पी. तर इतक्या जणांकडे आहे, की ती महिन्यातून एकदाच लावायची असं ठरवावं लागलं. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी, आणि बागेश्री जरा उशिरा. तिचीही दुसरी बाजू आम्ही थांबून लावतो.

नाट्यसंगीत, भावगीतं, अभंग सगळं चालतं. चित्रपटगीतांना बंदी नाही, पण त्यांचा वेगळा शनिवार असतो.

पाश्चात्य अभिजात संगीत आणलं तर?

आणा. कॅम्पातल्या एका काकांमुळे आम्हाला ती गोडी लागली. त्यांनी ग्लेन गूल्ड या पियानोवादकाच्या दोन रेकॉर्ड्स एकाच संध्याकाळी आणल्या होत्या. दोन्हींवर बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सच, एक १९५५ साली मुद्रित केलेली आणि दुसरी १९८१ साली. पहिलीच्या वेळी गूल्ड २२ वर्षांचा होता, दुसरीनंतर दीड वर्षाच्या आतच तो गेला. पहिली जेमतेम ३८-३९ मिनिटांत संपते, दुसरीला ५१ मिनिटं लागतात. थोडा फरक पुनरावृत्तींचा आहे. पहिल्यात त्यानं त्या सगळ्या गाळल्या आणि दुसऱ्यात काही घेतल्या. पण सुरुवातीचा आरिया, म्हणजे मूळ धून, दोन्हीकडे ऐकलात तर हिशोब मिनिटांचा नाही हे लगेच कळतं. आपल्याकडे एखादा गवई तरुणपणी जी चीज तडफेनं मांडतो तीच उतारवयात दोन सुरांत उभी करतो, तसंच हे. त्या दिवशी मात्र आम्ही बाजूचा नियम मोडला आणि आधी दोन्ही आरिया लागोपाठ ऐकले.

माझ्याकडे आजोबांच्या ७८ च्या तबकड्या आहेत. माझ्या प्लेअरवर लावून बघू का?

आधी दोन गोष्टी बघा. प्लेअरला ७८ चा वेग आहे का? नव्या स्वस्त प्लेअरांत पुष्कळदा ३३ आणि ४५ एवढेच असतात. आणि सुई कोणती आहे? तबकडीची खाच रुंद असते. तिची सुई एल.पी.च्या सुईच्या साधारण तिप्पट जाड लागते. एल.पी.ची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी घासत जाते, गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते आणि सुई खराब होते ती वेगळीच. उलट, जाड सुई एल.पी.वर टेकवली तर एल.पी. कायमची गेली म्हणून समजा.

हे मी अनुभवानं सांगते. एका दुरुस्तीच्या दुकानानं मला ‘७८ ची’ म्हणून एल.पी.चीच सुई बसवून दिली होती. आवाज पातळ का येतो हे कळायला मला तीन महिने लागले. तेव्हापासून नवी सुई घेतली की भिंगाखाली बघते.

चावीच्या कर्ण्याच्या ग्रामोफोनची गोष्ट निराळी. त्याच्या सुई धरणाऱ्या ध्वनिपेटीचा भार शंभर ग्रॅमच्या वर असतो, एल.पी.च्या सुईचा दीड-दोन ग्रॅम. त्यावर फक्त तबकडी लावायची, आणि पोलादी सुई दर बाजूला नवी. दोन बाजू एका सुईनं काढायचा मोह होतो, पण बोथट झालेली सुई खाच खरवडून काढते. दिवाळीनंतरच्या शनिवारी आम्ही ग्रामोफोन बाहेर काढतो. वीज नाही, वायर नाही. खोलीतल्या माणसांचा श्वाससुद्धा ऐकू येतो इतकं सगळे गप्प असतात.

तीन मिनिटांच्या तबकडीत राग कसा काय मावतो?

दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची, बारा इंची चार-साडेचारची. तासभर ख्याल गाणाऱ्याला एवढ्यात सगळं मांडायचं असे. म्हणून जुन्या तबकड्यांमध्ये उगाच गेलेला एक श्वासही सापडत नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात रागाचा चेहरा समोर, दुसऱ्या मिनिटात बढत म्हणजे विस्तार, आणि मग ताना. पुढच्या पिढीनं गाणं किती तरी याच तबकड्यांवरून उचललं. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ऐकूनच गदगच्या लहानग्या भीमसेन जोशीला घर सोडून गुरू शोधायला निघावंसं वाटलं. खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, आणि तो मुलगाही पुढे पुण्याचाच झाला. आमच्याकडे ही तबकडी लागते तेव्हा नेहमीच येणारी मंडळी आधीच सरसावून बसतात. सुरुवातीचा स्वर इतका अलगद येतो, की खरखरीतून तो कधी सुरू झाला ते नेमकं सांगता येत नाही.

जुन्या तबकड्यांतला आवाज बारीक, नाकात गायल्यासारखा का येतो?

कारणं दोन. १९२५ च्या आधी मायक्रोफोनवर मुद्रण नव्हतं. गायकानं कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं, त्या धक्क्यानं मेणावर खाच उमटायची. खर्ज आणि नाजूक जागा त्यात सापडत नसत.

दुसरं कारण आपल्या हातातलं आहे. ७८ म्हणजे नेमके ७८ च फेरे असं सगळ्या तबकड्यांत नसतं. वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला की सूर एका पट्टीनं सरकतो, म्हणजे साडेत्र्याहत्तरला मुद्रित केलेली तबकडी ७८ वर लावली तर पेटीवरच्या काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गातो. आवाज कोवळा होतो आणि ताना यंत्रासारख्या पळतात. आमच्या प्लेअरला वेग कमी-जास्त करायची पट्टी आहे. शंका आली की आमच्यातले एक तबलजी तंबोरा जुळवून बसतात आणि गळा ‘माणसाचा’ वाटेपर्यंत वेग हळूहळू उतरवतात. नेमका वेग सापडला की ते काही बोलत नाहीत, नुसती मान हलवतात.

लेबल निघून गेलेली तबकडी ओळखून द्याल का?

प्रयत्न नक्की करू. नारायण पेठेतल्या एका कुटुंबानं एक पत्र्याची पेटी आणली होती. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पाणी घरात शिरलं तेव्हा ती खालच्या खोलीत होती. बावीस तबकड्या, त्यातल्या सात फुटलेल्या, उरलेल्या पंधरांवर एकही लेबल धड नाही. खाचांत वाळलेला पिवळट गाळ तसाच. साठ वर्षांत कुणी त्या धुतल्या नव्हत्या आणि टाकूनही दिल्या नव्हत्या.

साध्या पाण्यानं, मऊ ब्रशनं, खाचेच्या दिशेनं एकेक धुतली. लेबल गेलं तरी कंपनीनं मधल्या कोऱ्या पट्टीत उमटवलेला क्रमांक राहतो. उजेड तिरका पाडून, भिंगानं तो वाचता येतो, आणि जुन्या सूचींशी ताडून नाव मिळतं. अकरा तबकड्या अशा ओळखल्या. दोन ऐकून कळल्या. एकीचा क्रमांक मात्र झिजला होता आणि आवाज कुणाच्याच ओळखीचा नव्हता. ती शेवटपर्यंत वाजू दिली, तर गाणं संपता संपता गायिकेनं स्वतःचं नाव सांगितलं. १९०२ साली कलकत्त्यात गोहर जान यांचं मुद्रण झालं तेव्हापासून ही पद्धत होती. मेणाचे ठसे जर्मनीत हॅनोव्हरला जायचे, तिथल्या कारागिरांना आवाज कुणाचा ते कळावं म्हणून गाणारा शेवटी नाव पुकारायचा. खोलीत त्या घरातल्या तीन पिढ्या बसल्या होत्या. सगळ्यात धाकट्या मुलीनं ते नाव मोठ्यानं परत म्हटलं.

पंधरावी अजून ओळखायची आहे. कुणाला यायचं असेल तर या, पुन्हा लावू.

रेकॉर्ड पुसायची कशानं?

एल.पी. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापडानं, गोलाकार, लेबल कोरडं ठेवून. फार मळकी असेल तर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, आणि नंतर स्वच्छ पाणी. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही लावू नका. लाख त्यात विरघळते. बाजारातले रेकॉर्ड धुवायचे तयार द्रव बऱ्याचदा अल्कोहोलचे असतात, तेव्हा बाटली वाचून घ्या.

पावसाळ्यात कव्हरांना बुरशी येते. काय करावं?

उभ्या ठेवा, भिंतीपासून चार बोटं लांब. कपाट ओलीच्या भिंतीला लागून असेल तर बाकीचे सगळे उपाय व्यर्थ. प्लॅस्टिकच्या घट्ट पिशव्या जून ते सप्टेंबर काढून ठेवलेल्या बऱ्या, आत दमटपणा अडकतो. पाऊस उलगडला की ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत कव्हरं सावलीत पसरा. उन्हात नाही. आणि एप्रिल-मेमध्ये बैठकीला येताना रेकॉर्ड गाडीच्या डिकीत किंवा मागच्या काचेखाली ठेवून चहाला थांबू नका. अर्ध्या तासात एल.पी. पापडासारखी वाकते, आणि ती पुन्हा सपाट होत नाही.

पुण्यात जुन्या रेकॉर्ड्स कुठे मिळतील?

जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. सकाळी लवकर जा. रेकॉर्ड तिरपी धरून उजेडात बघा. केसासारख्या बारीक रेघा चालतात, नखाला लागेल असा ओरखडा असेल तर सोडून द्या. तबकडी असेल तर मधल्या भोकात बोट घालून अधांतरी धरा आणि कडेला हलकी टिचकी मारा. अखंड असेल तर खणखणीत बोलते, तडा असेल तर बद्द आवाज येतो. पण खरं सांगायचं तर बाजारापेक्षा नातेवाइकांचे माळे आधी बघा. वाडे पाडून इमारती होताना किती पेट्या भंगारात गेल्या याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या ओळखीत कुणी घर रिकामं करत असेल तर एक फोन करा, आम्ही रिक्षा घेऊन येतो.

एखादी रेकॉर्ड आवडली तर घरी न्यायला मिळते का?

हो. मालक ‘हो’ म्हणाला तर तीन आठवड्यांसाठी. वहीत नाव, तारीख आणि तुमच्या प्लेअरची सुई लिहायची.

तिसऱ्या वर्षी माझ्या वडिलांची एक एल.पी. परत आली ती पहिल्या बाजूवर आडवा ओरखडा घेऊन. नेणारे स्वतः येऊन सांगून गेले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ३३⅓ च्या वेगाला एक फेरा १.८ सेकंदांत होतो, तेव्हा त्या आलापात दर १.८ सेकंदाला एक ‘टक’ येतो. सुरुवातीला मला दुसरं काही ऐकूच यायचं नाही. त्या वेळी उसनं देणं बंद करा असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मी बंद केलं नाही. वडिलांकडे त्या रेकॉर्ड्स आल्या त्याही अशाच, कुणी ना कुणी दिलेल्या. ती एल.पी. आजही बाहेर जाते, वहीत तिच्यापुढे ‘टकसहित’ असं लिहिलेलं आहे.

हे सगळं मोबाइलवर मिळतं. मग एवढी उठाठेव कशाला?

मीही मोबाइलवर ऐकते, स्वयंपाक करताना. पण तिथे आवडलं नाही की दहाव्या सेकंदाला पुढे जाता येतं. इथे कुणीतरी स्वतः निवडून आणलेली बावीस मिनिटं असतात आणि ते माणूस शेजारी बसलेलं असतं. मला मल्लिकार्जुन मन्सूर पहिल्यांदा आवडले ते पंधराव्या मिनिटाला. तोवर मी उठले नाही याचं एकच कारण, रेकॉर्ड आणणारी मावशी माझ्याकडे बघत होती.

मध्ये बोललं, दाद दिली तर चालतं का?

दाद द्या, मनापासून. समेवर हात उठला तर उठू दे. बोलणं मात्र बाजू संपल्यावर. फोन बंद. उशिरा आलात तर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसा, बाजू उलटली की आत या.

आम्ही मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून घेतलं तर?

नको. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्या कायद्यात प्रकाशनानंतर साठ वर्षं राहतो, म्हणजे बऱ्याच एल.पी. अजून त्यात येतात. तबकड्यांपैकी पुष्कळशा मोकळ्या झाल्या आहेत. त्यांची नीट प्रत हवी असेल तर महिन्यातल्या एका रविवारी सकाळी करून देतो.

लहान मुलांना आणू का?

आणा. सुई टेकवायला त्यांना खूप आवडतं आणि शिकवलं तर ती मोठ्यांपेक्षा अलगद टेकवतात.

शेवट कशानं होतो?

भैरवीनं, आणि तीही तबकडीवरच्याच. सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या ‘बिन देखे पडे नहीं चैन’च्या ध्वनिमुद्रिकेनं होते, हे पुणेकरांना सांगायला नको. आम्ही ती पद्धत तिथूनच घेतली. कधी तीच लावतो, कधी अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘जमुना के तीर’, कधी केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’. केसरबाईंची लागली की मुलांना एक गोष्ट सांगते. साडेतीन मिनिटांची हीच भैरवी १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर सोनेरी तबकडीवर गेली, आणि अजून पुढेच चालली आहे. तबकडीसोबत सुई आणि ती बसवायची कार्ट्रिजही पाठवली आहे, वेग मिनिटाला १६⅔ फेरे.

त्यानंतर दिवे लावतो. रेकॉर्ड आपली आपण कव्हरात घालून घ्या, आणि जिना उतरताना मधल्या वळणावर कठडा धरा, तिथली पायरी अरुंद आहे.